कसोटी

सूर्य उगवणे ही गोष्ट माणसाच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तो प्रकाशतो कशाच्या बळावर, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. चूल पेटवायची तर लाकूड लागते, दिवा लावायचा तर तेल लागते. मग अब्जावधी वर्षे अखंड धगधगणाऱ्या या तेजोगोलाला इंधन पुरते तरी कसे? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रज्ञांनी या कोड्याचा उलगडा केला. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनची अणुकेंद्रे एकमेकांत मिसळतात व त्यांपासून हेलियमची अणुकेंद्रे बनतात. या मीलनात किंचित वस्तुमान नाहीसे होते आणि त्याच्या मोबदल्यात अपार ऊर्जा बाहेर पडते. या क्रियेला केंद्रसंमीलन असे नाव आहे.

सूर्याला जे साधले ते आपल्याला पृथ्वीवर साधेल काय, असा विचार माणसाच्या मनात येणे स्वाभाविक होते. इंधनाची तर मुळीच ददात नव्हती. पाण्यातील दर सुमारे साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक अणू जड हायड्रोजनचा, म्हणजे ड्यूटेरियमचा असतो. आणि समुद्र तर अथांग आहे. १९५२ साली हायड्रोजन बाँबचा पहिला स्फोट झाला आणि माणसाला केंद्रसंमीलन घडवून आणता येते हे सिद्ध झाले. परंतु ते होते विनाशासाठी. आगीचा डोंब उसळवणे निराळे आणि चुलीत जाळ धरून ठेवणे निराळे. या दुसऱ्या, अधिक अवघड कामासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या शास्त्रज्ञांत लेव्ह आंद्रेयेविच आर्त्सिमोविच यांचे नाव फार आदराने घेतले जाते.

आर्त्सिमोविच यांचा जन्म १९०९ साली मॉस्को येथे झाला. पुढे त्यांचे कुटुंब मिन्स्क येथे राहावयास गेले व तेथील विद्यापीठाची पदवी त्यांनी १९२८ साली, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी मिळवली. दोन वर्षांनी ते लेनिनग्राडच्या प्रख्यात भौतिकी संस्थेत दाखल झाले. अब्राम योफे या थोर गुरूंच्या त्या संस्थेत तेव्हा तरुण संशोधकांचा मेळाच जमला होता. त्या काळी काही प्रयोगांमुळे ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाविषयीच शंका निर्माण झाली होती. अणूंच्या सूक्ष्म जगात हा नियम काटेकोरपणे पाळला जात नसावा, असे काही विद्वानांस वाटू लागले होते. १९३६ साली आर्त्सिमोविच आणि त्यांचे दोन सहकारी यांनी इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन एकमेकांना भेटून नाहीसे होतात त्या घटनेची बारकाईने तपासणी केली आणि तेथेही नियम अबाधित राहतो असे दाखवून दिले. कोणी कितीही मोठा असो, त्याच्या शब्दापेक्षा मोजमापाचा शब्द वरचढ, हा धडा त्यांनी ऐन तारुण्यात गिरवला तो असा.

महायुद्धानंतर त्यांनी युरेनियमचे दोन प्रकार चुंबकाच्या साह्याने वेगळे करण्याचे काम केले. विद्युद्भार असलेला कण चुंबकीय क्षेत्रातून जाऊ लागला की त्याची वाट वाकते. हलका कण अधिक वळतो, जड कण कमी. कणांना चुंबकाने वळवण्याची ही कला त्यांच्या हाती चांगली बसली. पुढच्या कार्यासाठी नियतीने जणू त्यांची ही पूर्वतयारीच करून घेतली.

१९५० साली साखालिन बेटावरील ओलेग लाव्हरेन्त्येव नावाच्या एका तरुण सैनिकाने मॉस्कोला एक पत्र धाडले. केंद्रसंमीलन विद्युत्क्षेत्राच्या साह्याने काबूत ठेवता येईल, अशी कल्पना त्याने त्यात मांडली होती. ते पत्र अभिप्रायासाठी आंद्रेय साखारोव यांच्याकडे आले. सैनिकाने सुचवलेला मार्ग त्यांना चालण्याजोगा वाटला नाही. परंतु त्या पत्राने त्यांच्या विचारांना चालना मिळाली. विद्युत्क्षेत्राऐवजी चुंबकीय क्षेत्र वापरले तर? साखारोव आणि त्यांचे गुरू ईगोर ताम यांनी या कल्पनेचा गणिती आराखडा तयार केला. १९५१ साली सोव्हिएत सरकारने हे काम अधिकृतपणे हाती घेतले. मिखाइल लिओन्तोविच यांच्याकडे गणिताची बाजू आणि आर्त्सिमोविच यांच्याकडे प्रयोगांची बाजू सोपवण्यात आली. तेव्हापासून मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे बावीस वर्षे, त्यांनी ही धुरा खाली ठेवली नाही.

काम किती बिकट होते याची कल्पना येण्यासाठी अडचण नीट समजून घ्यावयास हवी. प्रत्येक अणुकेंद्रावर धन विद्युद्भार असतो. त्यामुळे दोन अणुकेंद्रे एकमेकांना दूर लोटतात. ती अतिशय वेगाने एकमेकांवर धावून गेली तरच हा विरोध मोडून ती एकजीव होऊ शकतात. कणांचा वेग वाढवणे म्हणजेच त्यांचे उष्णतामान वाढवणे. सूर्याच्या गाभ्यात हे उष्णतामान सुमारे दीड कोटी अंश असते. पृथ्वीवरील यंत्रात तर दहा कोटी अंशांच्या घरात जावे लागते. इतक्या उष्णतेत अणू अणू राहत नाही. त्यातील इलेक्ट्रॉन सुटे होतात, अणुकेंद्रे उघडी पडतात आणि विद्युद्भारित कणांचा एक प्रकारचा वायू तयार होतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात.

आता हा प्लाझ्मा ठेवायचा कशात? दूध उतू जाऊ नये म्हणून मोठे पातेले घेता येते. येथे पातेलेच निरुपयोगी ठरते. भिंतीला स्पर्श होताच विरळ प्लाझ्माची उष्णता क्षणार्धात नाहीशी होते आणि सारा खटाटोप वाया जातो. म्हणून भिंतीला न शिवता त्याला अधांतरी धरून ठेवले पाहिजे. चुंबक येथे उपयोगी पडतो. विद्युद्भारित कण चुंबकीय बलरेषेभोवती, वेल काठीभोवती चढावी तसा, गिरक्या घेत जातो. सहसा रेषा सोडून बाजूला सरत नाही. परंतु सरळ नळीच्या दोन्ही टोकांतून तो निसटतो. मग नळी वाकवून तिची टोके जोडावी, म्हणजे सायकलच्या चाकातील फुगवलेल्या ट्यूबसारखा आकार तयार होतो. तरीही काम भागत नाही. बलरेषा वाकवल्या की कण हळूहळू एका बाजूला सरकत जाऊन अखेर भिंतीला लागतात. यावर उपाय एकच: सुंभाला पीळ देतात तसा बलरेषांना पीळ द्यावयाचा, म्हणजे एका बाजूला सरकलेला कण फिरून दुसऱ्या बाजूला येतो.

हा पीळ द्यावयाचा कसा, याविषयी दोन पंथ निघाले. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे लायमन स्पिट्झर यांनी १९५१ साली नळीबाहेरच्या तारांच्या वेटोळ्यांच्या साह्याने पीळ देणारे यंत्र कल्पिले व त्याला स्टेलरेटर असे नाव दिले. मॉस्कोमध्ये प्लाझ्मामधूनच प्रचंड विद्युत्प्रवाह सोडून पीळ देण्याचा मार्ग पत्करण्यात आला. या यंत्राला पुढे टोकामाक हे नाव पडले. हा शब्द म्हणजे रशियन भाषेतील काही शब्दांच्या आरंभीच्या अक्षरांचा मिलाफ आहे. त्याचा अर्थ, चुंबकीय वेटोळ्यांत बसवलेले कड्याच्या आकाराचे पात्र.

परंतु टोकामाकापर्यंत पोहोचण्यापूर्वी आर्त्सिमोविच यांना एका मोहाच्या प्रसंगातून जावे लागले. १९५२ साली त्यांच्या प्रयोगशाळेत जड हायड्रोजन भरलेल्या सरळ नळीतून विजेचा मोठा प्रवाह सोडला असता न्यूट्रॉन बाहेर पडू लागले. जड हायड्रोजनची अणुकेंद्रे एकजीव होतात तेव्हा न्यूट्रॉन निघतात, हे ठाऊक होते. साहजिकच साऱ्यांच्या मनात आनंद उसळला. मनुष्यनिर्मित सूर्याची पहिली किरणे दिसली, असे वाटावे असाच तो क्षण होता! परंतु आर्त्सिमोविच यांच्या गटाने पुन्हा पुन्हा तपासणी केली आणि निराळेच सत्य हाती लागले. सारा प्लाझ्मा तापलेला नव्हताच. प्लाझ्माचा प्रवाह वेडावाकडा होऊन तुटताना जोरदार विद्युत्क्षेत्र निर्माण होत होते व त्याच्या धक्क्याने थोडीशीच अणुकेंद्रे वेगाने उसळत होती. न्यूट्रॉन खरे होते. सूर्य मात्र खोटा होता. जो अर्थ त्यांतून काढावासा वाटत होता, तो काढण्याचा अधिकार त्या आकड्यांनी दिला नव्हता. १९५६ साली ईगोर कुर्चातोव इंग्लंडला गेले असता हार्वेल येथील व्याख्यानात त्यांनी ही सारी हकीकत उघडपणे सांगितली, तेव्हा ऐकणारे चकित झाले. त्या काळी हे संशोधन सर्वच देशांत गुप्त ठेवले जात असे.

त्याच सुमारास आपल्या देशाचे नावही या इतिहासात एका निमित्ताने गोवले गेले. १९५५ साली अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासंबंधी जिनीव्हा येथे जी पहिली जागतिक परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा होते. येत्या दोन दशकांत केंद्रसंमीलनाची ऊर्जा काबूत आणण्याचा मार्ग सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षपदावरून केले. त्या भाकिताने जगभरच्या संशोधकांत उत्साहाची लाट उसळली.

उत्साहाच्या भरात घसरण्याचा धोकाही असतोच. जानेवारी १९५८ मध्ये इंग्लंडमधील हार्वेलच्या शास्त्रज्ञांनी झीटा नावाच्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. त्यात पन्नास लाख अंशांपर्यंत उष्णतामान गाठले असून न्यूट्रॉनही मिळाले आहेत, असे जाहीर झाले. वर्तमानपत्रांनी मोठमोठ्या मथळ्यांनी त्याचा गाजावाजा केला. आर्त्सिमोविच यांना मात्र ही गोष्ट पटली नाही. या वाटेवरची ठेच त्यांना आधीच लागलेली होती. काही महिन्यांतच इंग्रज शास्त्रज्ञांनी स्वतःच अधिक बारकाईने मोजमापे घेतली व झीटाचे न्यूट्रॉन खऱ्या उष्णतेतून आलेले नाहीत, असे प्रांजळपणे जाहीर केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिनीव्हा येथे दुसरी परिषद भरली. तेथे गुप्ततेचे पडदे दूर झाले व सर्व देशांनी आपापली यंत्रे एकमेकांसमोर मांडली. सोव्हिएत संशोधनाचा आढावा आर्त्सिमोविच यांनी सादर केला. हा प्रश्न एकट्यादुकट्या राष्ट्राच्या आवाक्यातील नाही, सर्वांनी मिळूनच तो सोडवावा लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

पुढची दहा वर्षे कसोटी पाहणारी होती. जगातील बहुतेक यंत्रांत प्लाझ्मा टिकेना. प्लाझ्मा किती वेगाने गळून जातो हे सांगणारे एक सूत्र डेव्हिड बोम यांच्या नावाने प्रसिद्ध होते. प्रिन्स्टनच्या स्टेलरेटरमधील गळती त्या सूत्राप्रमाणेच होत असल्याचे आढळले. ही गळती म्हणजे निसर्गाचा अटळ नियमच असेल, तर केंद्रसंमीलनाची आशा सोडूनच द्यावी लागणार होती. पुष्कळ देशांत निराशेचे सावट पसरले.

मॉस्कोमध्ये मात्र टोकामाकाचे काम नेटाने चालले होते. नातान याव्लिन्स्की हे या यंत्राच्या बांधणीतील प्रमुख होते. १९६२ साली विमान अपघातात त्यांचा कुटुंबीयांसह अंत झाला. हा आघात मोठा होता. आर्त्सिमोविच यांनी तो पचवून टोकामाकाची सर्व जबाबदारी अंगावर घेतली. पात्राच्या भिंतीवर चिकटलेल्या मलिन वायूंमुळे प्लाझ्मा थंड होतो, म्हणून पात्र तापवून स्वच्छ करावयाचे. वेटोळी तसूभरही वाकडी बसली तर बलरेषा बिघडतात, म्हणून ती पुन्हा पुन्हा जुळवावयाची. अशा लहानसहान दिसणाऱ्या गोष्टींवर त्यांच्या गटाने अपार परिश्रम घेतले. टी-३ नावाचे त्यांचे यंत्र दिसायला फार अवाढव्य नव्हते. कड्याच्या मध्यापासून नळीच्या मध्यापर्यंतचे अंतर अवघे एक मीटर होते. त्यात प्लाझ्मा टिके तो सेकंदाच्या काही शतांश भागांपुरता. पण इतर यंत्रांच्या मानाने तो दीर्घायुषीच म्हणावयास हवा.

१९६५ साली इंग्लंडमध्ये कल्हॅम येथे परिषद भरली. टोकामाकातील गळती बोमच्या सूत्राहून अनेक पटींनी कमी आहे, असे आर्त्सिमोविच यांनी तेथे मांडले. कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. तीन वर्षांनी, १९६८ च्या ऑगस्टमध्ये, नोव्होसिबिर्स्क येथील परिषदेत त्यांनी अधिक ठळक आकडे सांगितले. टी-३ मधील इलेक्ट्रॉनांचे उष्णतामान सुमारे एक कोटी अंशांपर्यंत पोहोचले होते आणि गळती पूर्वीपेक्षाही कमी होती. जगात अन्यत्र कोठेही असे घडलेले नव्हते. सभागृहात खळबळ उडाली, पण शंका मिटल्या नाहीत.

ही शंका हट्टापोटी आलेली नव्हती; तिला सबळ कारण होते. रशियन शास्त्रज्ञांनी उष्णतामान प्रत्यक्ष मोजले नव्हते. प्लाझ्माच्या एकूण ऊर्जेवरून ते काढले होते. एखाद्या गावात दोन-चार सावकार गडगंज श्रीमंत असले, तर गावाच्या संपत्तीची सरासरी फुगते. पण तेवढ्यावरून सारा गाव सधन आहे, असे म्हणता येत नाही. तसेच थोडेसे इलेक्ट्रॉन भरधाव सुटले असतील आणि त्यांच्यामुळे सारा प्लाझ्मा तप्त असल्याचा भास होत असेल, असे प्रतिपक्षाचे म्हणणे होते. गंमत अशी, की १९५२ साली आर्त्सिमोविच यांनी स्वतःच्या न्यूट्रॉनांवर जो संशय घेतला होता, त्याच जातीचा हा संशय होता. त्यांनी स्वतः वापरलेली कसोटी आता त्यांच्याच हातच्या सोन्याला लावली जात होती.

अशा वेळी मनुष्य काय करतो? बहुधा रागावतो, अपमान झाला असे मानतो, आपल्या अधिकाराचा व वयाचा दाखला देतो. आर्त्सिमोविच यांनी यांपैकी काहीच केले नाही. प्लाझ्माचे उष्णतामान निःसंशयपणे मोजण्याची विद्या इंग्रजांनी कल्हॅमच्या प्रयोगशाळेत सिद्ध केली होती. लेसरचा प्रकाश वापरून ते मोजमाप केले जाई व ती साधने त्या वेळी त्यांच्याइतकी उत्तम दुसऱ्या कोणापाशी नव्हती. आर्त्सिमोविच यांनी कल्हॅमचे प्रमुख बॅस पीज यांना सरळ सांगितले, की तुमचे शास्त्रज्ञ व तुमची साधने घेऊन मॉस्कोला या आणि आमच्या यंत्राचे उष्णतामान तुम्हीच मोजा. हे पीज म्हणजे पूर्वी झीटाच्या कामात भाग घेतलेले शास्त्रज्ञ होते. ज्यांच्या दाव्यावर आर्त्सिमोविच यांनी एके काळी अविश्वास दाखवला, त्यांच्याच हाती त्यांनी आता आपल्या दाव्याचा न्यायनिवाडा सोपवला.

या आमंत्रणात केवढे धाडस होते, हे काळ ध्यानात घेतल्यावाचून कळणार नाही. सोव्हिएत संघ आणि पाश्चात्त्य राष्ट्रे यांच्यात तेव्हा तीव्र वैरभाव होता. नोव्होसिबिर्स्कची परिषद आटोपून थोडेच दिवस झाले होते, तोच सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले आणि संबंध अधिकच ताणले गेले. टी-३ ज्या कुर्चातोव संस्थेत होते, तेथे अण्वस्त्रांसंबंधीचे संशोधन झालेले होते. परक्यांना तिच्या दाराशीही सहसा फिरकू देत नसत. तेथे इंग्रजांना महिनोन् महिने राहून काम करण्याची परवानगी मिळवणे सोपे नव्हते. आणि समजा, इंग्रजांच्या मोजमापात ते उष्णतामान भरले नसते तर? मग सतरा-अठरा वर्षांच्या श्रमांवर पाणी पडले असते. आर्त्सिमोविच यांची, त्यांच्या सहकाऱ्यांची आणि देशाचीही जगासमोर मानहानी झाली असती. तरीही त्यांनी दार उघडले.

निकोल पीकॉक, डेरेक रॉबिन्सन, माइक फॉरेस्ट आणि पीटर विल्कॉक हे इंग्रज शास्त्रज्ञ सुमारे पाच टन वजनाची साधने घेऊन मॉस्कोला गेले. सान्निकोव हे रशियन शास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. त्यांच्या मोजमापाची युक्ती मोठी सुंदर होती. बंद खोलीत कवडसा पडला की त्यात तरंगणारे धूलिकण चमकू लागतात, हे सर्वांनी पाहिलेले असते. तसाच माणकाच्या कांडीतून निघणारा लेसरचा लाल झोत प्लाझ्मामध्ये सोडावयाचा. त्यातील इलेक्ट्रॉन धूलिकणांप्रमाणे थोडासा प्रकाश इकडेतिकडे उधळतात. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढ्या स्वरात ऐकू येते आणि दूर जाणाऱ्या गाडीची शिट्टी उतरत्या स्वरात. त्याचप्रमाणे समोर धावून येणारा इलेक्ट्रॉन प्रकाशाचा रंग किंचित निळ्याकडे नेतो व दूर पळणारा तांबड्याकडे. म्हणून उधळलेल्या प्रकाशात मूळच्या एका रंगाच्या आजूबाजूचेही रंग दिसतात. हा रंगांचा पट्टा जितका रुंद, तितका इलेक्ट्रॉनांचा वेग अधिक, म्हणजेच उष्णतामान अधिक. शिवाय थोडेच इलेक्ट्रॉन वेगवान असतील, तर पट्ट्याची ठेवणच निराळी दिसते. सावकार दोन-चार आहेत की सारा गावच सधन आहे, हे येथे लपून राहत नाही.

युक्ती सुंदर असली तरी काम सोपे नव्हते. उधळलेला प्रकाश अतिशय क्षीण असे आणि प्लाझ्मा तर स्वतःच प्रकाशमान होता. दिवसाढवळ्या काजवा शोधण्यासारखाच तो प्रकार होता. आरंभी यश येईना. लेसरच्या झोताचा जोर वाढवून, साधनांत फेरफार करून त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयोग केले. परस्परांची भाषा पुरती न कळणारी ही माणसे एका यंत्राभोवती खांद्याला खांदा लावून राबत होती. १९६९ च्या उन्हाळ्यापर्यंत पट्टा स्पष्ट दिसू लागला. तो रुंद होता. त्याची ठेवण थोड्या भरधाव इलेक्ट्रॉनांची नव्हती, सर्वत्र समान तापलेल्या प्लाझ्माची होती. आर्त्सिमोविच यांनी सांगितलेला एक कोटी अंशांचा आकडा खरा ठरला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये इंग्रज व रशियन शास्त्रज्ञांनी मिळून लिहिलेला निबंध 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यानंतर जे घडले ते विज्ञानाच्या इतिहासात विरळाच आढळते. ज्यांनी शंका घेतली होती, त्यांनी निकाल मानला आणि लगेच कामाची दिशा बदलली. प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांनी आपले सर्वांत मोठे स्टेलरेटर यंत्र उलगडून १९७० साली त्याचे टोकामाक केले व मॉस्कोचे निष्कर्ष पुन्हा पडताळून पाहिले. तेही जुळले. थोड्याच वर्षांत अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स, जपान अशा अनेक देशांत टोकामाक उभे राहिले. हेच आकडे आर्त्सिमोविच यांनी केवळ स्वतःच्या तोंडाने आणखी दहा वेळा सांगितले असते, तर हे घडले असते काय? प्रतिस्पर्ध्याच्या हाताने तोललेल्या सोन्याचे मोल सर्वांनी मान्य केले.

आर्त्सिमोविच १९७३ च्या मार्च महिन्यात निवर्तले. टोकामाकातून वीज निघालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. डॉ. भाभांनी दिलेली दोन दशकांची मुदतही १९७५ साली उलटून गेली. वाट वाटली होती त्याहून फार लांबची निघाली. स्वतः आर्त्सिमोविच तिथी-मिती सांगण्याच्या भरीस पडत नसत. समाजाला जेव्हा या ऊर्जेची खरीखुरी निकड भासेल, तेव्हा ती सिद्ध होईल, अशा आशयाचे उत्तर ते देत असत, असे सांगतात.

तथापि त्यांनी लावलेले रोप वाढत राहिले. इंग्लंडमधील जेट या मोठ्या टोकामाकात १९९७ साली १६ मेगावॉट शक्तीचे केंद्रसंमीलन क्षणभर साधले. मात्र त्यासाठी प्लाझ्मा तापवण्यास २४ मेगावॉट शक्ती खर्ची पडली होती. २०२१ साली त्याच यंत्राने पाच सेकंदांत ५९ मेगाज्यूल आणि २०२३ साली ६९ मेगाज्यूल ऊर्जा दिली व त्याच वर्षाच्या अखेरीस ते निवृत्त झाले. आपल्या देशात गांधीनगर येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली 'आदित्य' नावाचा टोकामाक सुरू झाला. सूर्याचेच ते नाव! फ्रान्समध्ये ईटर नावाच्या महाकाय टोकामाकाची उभारणी चालू आहे. त्याच्या कड्याच्या मध्यापासून नळीच्या मध्यापर्यंतचे अंतर ६.२ मीटर आहे. खर्ची घातलेल्या ५० मेगावॉट शक्तीच्या दसपट, म्हणजे ५०० मेगावॉट, शक्ती त्यातून मिळावी असे उद्दिष्ट आहे. युरोपीय संघ, रशिया, अमेरिका, जपान, चीन, दक्षिण कोरिया आणि भारत असे सातजण मिळून हे कार्य करीत आहेत. या यंत्राला बाहेरून वेढणारे, सुमारे तीस मीटर उंचीचे पोलादी पात्र भारताने घडवून दिले आहे. स्पिट्झर यांची कल्पनाही वाया गेली नाही. जर्मनीत २०१५ साली वेन्डेलस्टाइन ७-एक्स नावाचा मोठा स्टेलरेटर कार्यान्वित झाला आणि तो पंथही नव्या जोमाने पुढे चालला आहे.

चंद्रावरील एका विवराला आज आर्त्सिमोविच यांचे नाव दिलेले आहे. परंतु त्यांची खरी आठवण प्रयोगशाळांत टिकून आहे. एखादा तरुण संशोधक मनासारखा आकडा मिळाला म्हणून हरखून जातो, तेव्हा त्याला कोणीतरी वडीलधारा विचारतो, "हे दुसऱ्या कोणी मोजून पाहिले आहे काय?" प्रश्न साधा आहे, तरी तो ऐकताना मनाला थोडे टोचतेच. जो हा प्रश्न हसतमुखाने ऐकून घेतो आणि पाहुण्यासाठी दार उघडतो, त्याच्याच कामावर पुढच्यांना निर्धास्तपणे पाऊल ठेवता येते.